जुहूला जाताय? घड्याळाआधी तिथी बघा!

रविवारची संध्याकाळ. विलेपार्ले आणि सांताक्रूझ स्टेशनबाहेरच्या रिक्षांचा ओघ जुहूकडे. भेळ, पावभाजी, गोळा, वाळूत किल्ले आणि मग 'पाय तरी भिजवू या'. निघण्याआधी ट्रॅफिक पाहिले जाते, पाऊस आहे का तेही पाहिले जाते. समुद्राची वेळ मात्र फार कमी जण पाहतात.

भरतीची वेळ रोज का बदलते?

मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसातून साधारण दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. दोन भरतींमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटांचे अंतर असते. त्यामुळे भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. गेल्या रविवारी संध्याकाळी जिथे कोरडी वाळू होती, तिथे या रविवारी त्याच वेळी पाणी असू शकते.

पाऊणपटीचा हिशेब काय आहे?

कोकण किनाऱ्यावर एक जुना आडाखा आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा अंदाज आहे. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या अधिकृत तक्त्यात पाहावी.

संध्याकाळी धोका कुठे असतो?

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती येते. ती दुपारी येते आणि बातम्याही तिच्याच होतात. त्याच दिवशी संध्याकाळी सहा-सातला समुद्र खूप आत गेलेला असतो. किनारा रुंद, पाणी शांत. लोक ओल्या वाळूवरून दूरवर चालत जातात.

पण पाणी सहा तास एकाच वेगाने चढत नाही. साधारण तिसऱ्या आणि चौथ्या तासात एकूण वाढीच्या निम्मी वाढ होते. उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीच्या पातळीत चार मीटरहून अधिक फरक पडू शकतो. म्हणजे रात्री आठ ते दहाच्या सुमारास, दोन तासांत जवळपास दोन मीटर पाणी चढते. जुहूचा उतार सौम्य असल्याने पाण्याची कडा झपाट्याने आत सरकते, तीही अंधारात.

'साडेचार मीटर' म्हणजे लाटेची उंची?

नाही. हा गैरसमज नेहमीचा आहे. तक्त्यातला आकडा भरतीच्या वेळच्या पाण्याच्या पातळीचा असतो. वाऱ्याने उठणाऱ्या लाटा त्याच्यावर वेगळ्या. म्हणून पावसाळ्यात तिथी पुरेशी नाही. 12 जून 2023 रोजी पौर्णिमा नव्हती, अमावास्याही नव्हती. बिपरजॉय चक्रीवादळामुळे समुद्र खवळलेला होता. जुहू कोळीवाड्याजवळ पाण्यात गेलेल्या मुलांपैकी चौघांचा बुडून मृत्यू झाला.

ओढणारा प्रवाह कसा ओळखायचा?

किनाऱ्यावर आलेले पाणी कधी कधी एका अरुंद पट्ट्यातून वेगाने परत जाते. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मधला पट्टा शांत दिसतो. नवख्याला तीच जागा सुरक्षित वाटते. त्यात सापडल्यास थेट किनाऱ्याकडे पोहू नये, दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर यावे आणि मग वळावे. पोहता येत नसेल तर तरंगत राहून हात वर करावा. बुडणाऱ्यामागे उडी घेण्याऐवजी जीवरक्षकाला हाक मारावी, 112 वर फोन करावा आणि तरंगणारी एखादी वस्तू फेकावी.

बंदी पुरेशी आहे का?

जुलै 2022 मध्ये मुंबई महापालिकेने ऑरेंज किंवा रेड अलर्टच्या दिवशी चौपाट्यांवर फक्त सकाळी 6 ते 10 या वेळेतच प्रवेश देण्याचे ठरवले होते. हेतू चांगला होता, पण समुद्र असे घड्याळ पाळत नाही. एकादशीच्या सुमारास भरती सकाळी आठ-सव्वाआठलाच येते.

लोकलचा इंडिकेटर पाहिल्याशिवाय मुंबईकर प्लॅटफॉर्म बदलत नाही. तसाच फलक जुहूच्या प्रत्येक प्रवेशमार्गावर हवा: आजची भरती किती वाजता, ओहोटी किती वाजता, पाण्यात उतरावे की नाही. मोठ्या अक्षरांत, मराठी आणि हिंदीत, रोज बदलणारा. त्याला फार खर्च येणार नाही. शिट्ट्या मारून गर्दी हटवणाऱ्या जीवरक्षकाचे कामही सोपे होईल.

तोवर हा फलक प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलवर आहे. निघण्याआधी भरतीची वेळ पाहायला अर्धा मिनिट पुरतो. लाल झेंडा दिसला, तर भेळ वाळूवर बसूनच खावी. पाय पुढच्या रविवारीही भिजवता येतील.