काळा कोट न घालणारे वकील

मासे गरविण्याच्या काठ्या आणि रिळे यांविषयी एका वकिलाने लेख लिहावा, आणि तोही देवस्थानाभोवती नांदणाऱ्या समाजाच्या मासिकात, हे काही वाचकांस विचित्र वाटेल. परंतु मासळी आपल्या ताटात पिढ्यान् पिढ्या आहे, आणि खाडीच्या काठी गरी टाकून तासन् तास बसणारा एखादा मामा किंवा आजोबा आपल्यापैकी अनेकांच्या घरात होऊन गेला आहे. शिवाय ज्या गोष्टीकडे मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो ती साक्षीची गोष्ट आहे; आणि साक्षीची पारख करणे हा तर माझा रोजचा व्यवसाय आहे.

प्रसंग घरचाच आहे. आम्ही भोपाळात राहतो. राजा भोजाने अकराव्या शतकात बांधविला अशी ज्याची ख्याती, त्या बड्या तलावाच्या काठी गळ टाकून बसलेली माणसे संध्याकाळी दिसतात. मध्यप्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट हा मासेमारीच्या बंदीचा काळ. तो संपताच माझ्या भाच्याला या छंदाने घेरले. मोबाईलवर एक नावाजलेला गळबहाद्दर हातभर लांबीचा मासा छातीशी धरून सांगत होता की, अशी काठी आपण आजवर हातात धरली नव्हती. शिकवण्या करून साठविलेले सात हजार रुपये भाच्याने त्या काठीत घातले. तिसऱ्या दिवशी दीड-दोन किलोचा रोहू वर घेताना तिचे टोक मोडले. विकणाऱ्याने कळविले, 'वापर चुकीचा झाला.' मग भाच्याने ती चित्रफीत पुन्हा पाहिली. एका कोपऱ्यात, बारीक इंग्रजी अक्षरांत, एक शब्द क्षणभर चमकून जात होता. गळबहाद्दर त्याच कंपनीच्या पदरी होता.

"मामा, म्हणजे तो खोटं बोलला का?" भाच्याने मला विचारले.

कदाचित नसेलही बोलला, असे मला सांगावे लागले. आणि सारी गोम येथेच आहे. कार्बनच्या तंतूंची काठी हलकी असते; माशाने आमिषाला तोंड लावल्याची बारीकशी थरथरही ती हातापर्यंत पोचविते. परंतु ती एकदा दगडावर आपटली, किंवा मासा जवळ आल्यावर फार उभी धरली गेली, की तिचे टोक कडकन मोडू शकते. काचतंतूची काठी जड आणि काहीशी मठ्ठ. पण शिकाऊ हाताचे पुष्कळ अपराध ती पोटात घालते. हे गळबहाद्दरास ठाऊक नसेल काय? परंतु नवशिक्याला 'तू ही घेऊ नकोस' असे सांगण्याचे पैसे त्याला कोणी देत नाही. त्याची काठी मोडली तर कंपनी दुसरी धाडते. म्हणून मोडण्याचे दुःख आणि दुकानदाराचे उत्तर ही दोन्ही त्याच्या अनुभवाबाहेर राहतात. थोड्याच दिवसांत नवे सामान हाती येते; म्हणून तीन वर्षांनंतर रिळाची काय गत होते हे त्याला कळतच नाही. आणि जो दोष उघड सांगेल त्याच्याशी कंपनी पुन्हा करार कशाला करील? हळूहळू मैदानात उरतात ते सारे स्तुतिपाठक. यांपैकी एकालाही खोटे बोलण्याची गरज पडत नाही.

राहता राहिला छातीशी धरलेला मासा. तो काठीमुळे मिळाला, की जागा, वेळ, आमिष आणि वीस वर्षांचा मुरलेला हात यांमुळे, हे चित्रावरून कसे समजावे? कावळा बसला आणि फांदी मोडली, एवढाच तो पुरावा. आपल्याकडे यालाच काकतालीय न्याय म्हणतात.

'पण तो तज्ज्ञ आहे,' असा आक्षेप येईल. तज्ज्ञाच्या मताला मीही मान देतो. १८७३ साली मंगळूरात प्रसिद्ध झालेल्या 'द रॉड इन इंडिया' या ग्रंथाचे कर्ते एच. एस. टॉमस हे दक्षिण कानडा जिल्ह्यात सरकारी अधिकारी होते. त्याआधी त्या जिल्ह्यातील मत्स्यसंवर्धनावर त्यांनी अहवालही लिहिला होता. त्यांची मते कोणी मानो वा न मानो, त्यांच्या पोटाची सोय सरकारी पगारावर होती, काठ्यांच्या खपावर नव्हती. तज्ज्ञाचे ज्ञान आणि त्याचे हित या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत. पहिलीची ग्वाही देऊन दुसरी झाकता येत नाही.

आपल्या शास्त्रकारांनी हा भेद फार पूर्वी ओळखला होता. न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनाने आप्ताचे लक्षण सांगितले आहे: ज्याने वस्तू साक्षात् जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांस सारखेच लागू आहे, असेही तो म्हणतो. म्हणजे कीर्ती किंवा कुळ पाहून साक्ष ठरत नाही. ज्ञान आणि हेतू पाहून ठरते. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात साक्षीस अपात्र म्हणून जे सांगितले आहेत, त्यांत वादाच्या विषयाशी अर्थसंबंध असलेला मनुष्य आहेच. १८७२ चा भारतीय पुरावा कायदा आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेला भारतीय साक्ष्य अधिनियम यांचीही दृष्टी हीच आहे. साक्षीदाराने लाच घेतली असे सिद्ध करून त्याची विश्वसनीयता खोडता येते. हितसंबंधी साक्षीदाराचे म्हणणे न्यायालय केवळ तेवढ्यासाठी फेकून देत नाही. मात्र ते अधिक सावधपणे तपासते, आणि उलटतपासणी तर त्याला चुकतच नाही. मोबाईलमधून बोलणाऱ्या साक्षीदाराची उलटतपासणी कोण घेणार?

आता माझ्याकडेच बोट दाखविले जाईल. 'वकीलसाहेब, आपण तरी पैसे घेऊनच बोलता ना?' होय, बोलतो. अशिलास अडचणीची असलेली घटना मी आपण होऊन पुढे करीत नाही. परंतु मी काळा कोट आणि पांढरी गळपट्टी घालून उभा राहतो. मी कोणाच्या बाजूने बोलत आहे हे न्यायाधीशापासून पट्टेवाल्यापर्यंत सर्वांस ठाऊक असते, आणि माझे भाषण कोणी पुरावा म्हणून नोंदवीत नाही. ज्या प्रकरणात आपणांस साक्षीदार व्हावे लागेल असे मानण्यास कारण असेल, त्याचे वकीलपत्र घेऊ नये, असा बार कौन्सिलचा नियम आहे. वकिली निंद्य नाही, साक्ष देणेही निंद्य नाही. एकाच प्रकरणात दोन्ही करणे मात्र निंद्य आहे. पगारी गळबहाद्दर नेमके हेच करतो. फी घेतो वकिलाची आणि उभा राहतो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात.

कायदा याबाबत अगदी मुका नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे खोट्या किंवा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केवळ उत्पादकासच नव्हे, तर तिचे समर्थन करणाऱ्यासही दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पुन्हा तसेच केल्यास पन्नास लाखांपर्यंत. शिवाय पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत आणि पुढे तीन वर्षांपर्यंत अशा समर्थनास बंदी घालता येते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे समर्थन हे प्रामाणिक मत असले पाहिजे, पुरेशा माहितीवर वा अनुभवावर आधारलेले असले पाहिजे, आणि ज्या संबंधामुळे त्याची विश्वसनीयता बदलते तो संबंध उघड केला पाहिजे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने आणखी स्पष्ट केले की फुकट मिळालेल्या वस्तू, सवलती आणि सहली याही लाभातच मोडतात, आणि खुलासा ज्या भाषेत शिफारस केली त्याच भाषेत झाला पाहिजे. स्तुती हिंदीत वा मराठीत आणि कबुली मात्र कोपऱ्यातल्या इंग्रजीत, ही चतुराई या नियमाच्या सरळ विरुद्ध आहे.

परंतु कबुली दिली म्हणजे सारे शुद्ध झाले, असे मला वाटत नाही. आमच्या दैवतांसमोर प्रसाद लावण्याची चाल वाचकांस ठाऊकच आहे. मूर्तीवर पाण्याने पाकळ्या लावतात, मनातला प्रश्न सांगतात, आणि पाकळी उजवीकडून पडते की डावीकडून याची वाट पाहतात. त्या क्षणी श्वास रोखला जातो, कारण पाकळी डावीही पडू शकते. डाव्या पाकळ्या कोणी डिंकाने चिकटवून ठेविल्या, तर उजव्या प्रसादाला काय अर्थ उरेल? आणि 'डिंक मी लावला आहे' असे पुजाऱ्याने मोठ्याने सांगितले, म्हणून तो कौल खरा होईल काय? पगारी शिफारशीत डावी पाकळी कधी पडतच नाही. उघड कबुलीचा उपयोग एवढाच की, समोर कौल नाही, जाहिरात आहे, हे भाविकास वेळीच समजते. तेवढा उपयोगही लहान नव्हे. म्हणूनच ती कबुली पहिल्याच वाक्यात आणि मोठ्या आवाजात हवी.

या लोकांनी कंपनीचे पैसे घेऊच नयेत, असा माझा आग्रह नाही. प्रवास, होडी, सामान यांना खर्च लागतो आणि पोट सर्वांनाच आहे. त्यांनी खुशाल वकिली करावी. फक्त कोट घालून करावी. आणि आपल्या समाजातील जे तरुण आज अशी कामे पत्करीत आहेत, मग वस्तू गळाची असो, तेलाची असो वा औषधाची, त्यांस माझे सांगणे आहे की लोक तुमच्यावर विश्वास ठेवतात तो तुमच्या ओळखीमुळे आणि आडनावामुळे. तो विश्वास तुम्ही एकट्याने मिळविलेला नाही. तेव्हा तो एकट्याने विकण्याचा तुम्हांस अधिकारही नाही.

ग्राहकाने तरी भोळेपणाची ढाल का पुढे करावी? कोणाचीही शिफारस ऐकताना तीन प्रश्न विचारावेत. वस्तू कोणाच्या पैशाने आली? किती दिवस वापरली? तिचा दोष कोणता? पहिल्या दोहोंची उत्तरे गुळमुळीत मिळतील. पण तिसऱ्यावर जो गप्प बसतो, त्याची साक्ष तेथेच संपली असे समजावे.

भाचा आता पुन्हा तलावावर जातो. तेथे रोज बसणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांना त्याने त्यांच्या जुन्या काठीविषयी विचारले. ते म्हणाले, ही अकरा वर्षांची आहे, स्वतःच्या पैशाने घेतली, रीळ दोनदा उघडून दुरुस्त करावे लागले, आणि लहान माशाला हिचा काही उपयोग नाही. दोष त्यांनी न विचारता सांगितला. त्यांचे नाव मोबाईलवर कोठेही नाही. माझ्या न्यायालयात मात्र त्यांची साक्ष ग्राह्य आहे.