कोंबडी मेली, भरपाई कुणाला?

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरचे नाव साऱ्या देशाने ऐकले. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो इथे. तोवर या आदिवासी तालुक्याला कुणी पहिल्या पानावर जागा दिली होती? शेडमधल्या कोंबड्या आधीपासूनच पटापट मरत होत्या, पण 'राणीखेत असेल' म्हणून वेळ मारून नेली गेली. भोपाळच्या प्रयोगशाळेने एच५एन१ विषाणू असल्याचे सांगितले, तेव्हा लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यात तो गावातल्या परसातल्या कोंबड्यांत निघाला. २०२१ मध्ये नवापुरात पुन्हा आला.

हा मुळात पक्ष्यांचा रोग. रानबदकांसारखे पाणपक्षी त्याचे विषाणू बाळगतात आणि अनेकदा स्वतः आजारी न पडता हिंडतात. त्यांच्या विष्ठेतून तो तळ्यात उतरतो. मात्र गावोगाव तो पसरवतो माणूसच: अंड्यांचे ट्रे, पिंजरे, टेम्पोची चाके, चपलांना लागलेली घाण. कोंबडीला लागण झाली की तुरा निळा-काळा पडतो, डोके सुजते, आणि दोन-तीन दिवसांत सारे खुराडे रिकामे होते. कधी कधी लक्षण दिसण्याआधीच कोंबडी मरून पडते.

माणसाला किती धोका? १९९७ मध्ये हाँगकाँगमध्ये १८ जणांना लागण झाली, ६ दगावले. २००३ पासून जगात नऊशेहून अधिक माणसांना एच५एन१ झाल्याची नोंद आहे. त्यातली जवळपास निम्मी दगावली. आपल्या देशात २०२१ मध्ये हरियाणातील ११ वर्षांचा मुलगा आणि २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातील दोन वर्षांची मुलगी याच विषाणूने गेली. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या मेला. माणसाकडून माणसाला हा रोग अजून सहज लागत नाही, एवढाच दिलासा. पण विषाणू रूप बदलतो, म्हणून शास्त्रज्ञ त्याच्यावर डोळा ठेवून आहेत.

दरवेळी साथ आली की पुढारी कॅमेऱ्यासमोर तंगडी खाऊन दाखवतात. नीट शिजवलेल्या मांसात विषाणू टिकत नाही, हे खरेच आहे. ७० अंश सेल्सिअसला तो मरतो आणि आपल्या रश्श्याला त्याहून जास्त उकळी असते. पण धोका ताटात नाही, ताटाच्या अलीकडे आहे. आजारी कोंबडी कापणारा, पिसे उपटणारी, आतडी काढणारी, शेड झाडणारा मजूर, खड्ड्यात कोंबड्या टाकणारा रोजंदारीवरचा माणूस, यांच्या हाताला आणि श्वासाला तो धोका आहे. तंगडी खाणाऱ्या पुढाऱ्याने एकदा त्या मजुराच्या हातात मोजे आणि तोंडावर मास्क आहे का, तेही पाहावे. मरायला टेकलेली कोंबडी स्वस्तात विकली जाते आणि ती गरिबाच्याच घरात येते, हे आम्हाला सांगायची गरज नाही.

आता कायद्याकडे येऊ. प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांबाबतच्या २००९ च्या केंद्रीय कायद्यातील कलम ४ म्हणते की, रोगाचा संशय आल्यास मालकाने ग्रामपंचायतीला किंवा गावच्या अधिकाऱ्याला कळवलेच पाहिजे. कर्तव्य बजावले. मग हक्काचे काय? भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या पक्ष्यांची. रोगाने मेलेल्यांची नाही. ज्या बाईकडे दहा कोंबड्या आहेत, तिने आज खबर दिली, डॉक्टर आले, नमुने भोपाळला गेले. अहवाल येईपर्यंत तिच्या आठ मेल्या. उरल्या दोन. त्या सरकार मारणार, आणि भरपाई दोनच कोंबड्यांची! पन्नास हजार पक्ष्यांच्या शेडमालकाकडे मारण्यासाठी हजारो जिवंत पक्षी उरतात. नियम दोघांना एकच, पण भार कुणावर पडतो? २०२१ मध्ये राज्यात अंडी देणाऱ्या मोठ्या कोंबडीचा दर ९० रुपये होता. आठवडी बाजारात गावठी कोंबडी ९० रुपयांत कोण देईल? त्या बाईच्या दृष्टीने कोंबडी म्हणजे मुलीची वही, दवाखान्याचे भाडे, अडीअडचणीचा पैसा. खबर देऊन नुकसान आणि गप्प राहून निदान चार कोंबड्या विकता येतात, असा हिशेब सरकारनेच तिच्यापुढे मांडला आहे. तिने लपवले तर तिला अडाणी म्हणायचे का? आणि तिने लपवले की रोग पुढच्या गावाला जातो.

म्हणून आमची मागणी साधी आहे. खबर दिली त्या दिवशी जेवढे पक्षी होते, मेलेले धरून, तेवढ्यांची भरपाई द्या. परसातल्या पक्ष्याला बाजारभावाचा दर द्या. पक्षी मारण्याच्या कामावरील प्रत्येकाला संरक्षक पोशाख आणि औषध द्या, पुढचे दहा दिवस त्याची तपासणी करा.

तोवर कार्यकर्त्यांनी वस्तीत एवढे करावे. मेलेल्या कोंबडीला उघड्या हाताने शिवू देऊ नये, मुलांना लांब ठेवावे, ती ओढ्यात फेकू नये. खबर तोंडी देऊ नये. अर्जात मेलेले आणि जिवंत पक्षी वेगवेगळे लिहावेत, ग्रामपंचायतीची सही-शिक्क्याची पोच घ्यावी आणि पशुवैद्यकीय अधिकारी आले की पंचनाम्याची प्रत मागावी. कोंबड्यांच्या संपर्कात आलेल्या कुणाला ताप-खोकला आला, तर सरकारी दवाखान्यात 'आमच्याकडे कोंबड्या मेल्यात' हे डॉक्टरांना आधी सांगावे.