नांवाचा अंगरखा

परवा आमच्या नातवानें बॅडमिंटनच्या जुन्या विजेत्यांची यादी वाचतां वाचतां विचारलें, "आजोबा, हा बुदिकुसुमा आपल्याकडचा का हो?" १९९२ सालच्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्यें पुरुषांच्या एकेरींत सुवर्णपदक मिळविणारा ॲलन बुदिकुसुमा तो हा. 'बुद्धि' आणि 'कुसुम' हे शब्द आमच्या नित्य ओळखीचे. परंतु तें नांव धारण करणारा गृहस्थ इंडोनेशियांतील चिनी वंशाचा! त्याच वर्षीं स्त्रियांच्या एकेरींत विजयी झालेली सुसी सुसांती हीहि चिनी वंशाचीच. त्या देशाला ऑलिंपिकमधील पहिलीं सुवर्णपदकें या दोघांनीं मिळवून दिलीं.

संस्कृत शब्द जावा बेटांत दीड हजार वर्षांपूर्वींच रुजले. ते चिनी घरांत शिरले, त्याची कथा मात्र वेगळी आहे. १९६६ सालीं तेथील सरकारनें चिनी वंशाच्या नागरिकांनीं चिनी नांवें टाकून स्थानिक वळणाचीं घ्यावीं, असा निर्णय काढला. कागदोपत्रीं सक्ति नव्हती. पण काळ भयाचा होता. 'ओए' कुळांतील कित्येकांनीं 'विजय' हें नांव घेतलें, 'लिम' कुळांतील कोणी 'सलीम' झाले. जुन्या नांवाचा ध्वनि नव्यांत जपून ठेवण्याचीच ती धडपड होती. चिनी शाळा बंद पडल्या. १९६७ पासून सणवारहि घराच्या चार भिंतींआडच करावयाचे, असें ठरलें.

इतकें करून ते लोक एकरूप झाले काय? नागरिकत्वाचा निराळा दाखला त्यांच्याकडे मागितला जातच राहिला. मे १९९८ मध्यें जकार्तांत दंगल उसळली, तेव्हां त्यांचीं घरें व दुकानें जाळण्यांत आलीं. दारावरच्या नव्या नांवाशीं दंगलखोरांस कांहींच कर्तव्य नव्हतें. पुढें २००० सालीं ती बंदी उठली, आणि २००३ पासून चिनी वर्षारंभाची राष्ट्रीय सुटी सुरू झाली.

उलट, जावांतील चिनी घरांत वर्षारंभाच्या पंधराव्या रात्रीं केळीच्या पानांत शिजविलेली भाताची वळकटी नारळाच्या रसांतील कालवणाबरोबर खातात. ही रीत हुकुमानें आली नाहीं. शेजारपाजारच्या चुलींवरून पिढ्यान्‌पिढ्या आली, म्हणून टिकली.

हें नातवास समजावीत असतां आमचीच जीभ अडखळली. त्याची आई या घरांत आली, तेव्हां ताटांतील तांदुळांवर तिचें नवें नांव आम्हींच सुचवून लिहविलें होतें. शब्द शुद्ध संस्कृत, अर्थ सुंदर. तिला मात्र कोणीं विचारलें नव्हतें. माहेरचा फोन आला, आणि जुन्या नांवानें हांक आली, कीं तिचा चेहरा उजळतो, हें आम्हीं अनेकदां पाहिलें आहे.

त्या संध्याकाळीं आम्हीं सूनबाईंस विचारलें, "तुम्हांला कोणत्या नांवानें हांक मारलेली आवडेल?"

त्या क्षणभर थांबल्या, मग हंसून म्हणाल्या, "पंधरा वर्षांनीं विचारतां आहांत, मामंजी?"

उत्तर अद्याप मिळावयाचें आहे. वाचकहो, आपल्या घरींहि हा प्रश्न एकदां विचारून पाहावा.