नव्या वाटा : प्रश्न नीट, तर आकडा नीट

मुलाने किंवा मुलीने डेटा सायंटिस्ट व्हायचे ठरवले, की पुढची वाट घरोघरी ठरलेली असते : बँक, विमा कंपनी, नाहीतर सॉफ्टवेअरचे ऑफिस. आकड्यांशी मैत्री असलेल्या अशा तरुणांची आणखी एका क्षेत्राला गरज आहे, पण तिकडे फारसे कोणी वळत नाही. ते क्षेत्र म्हणजे अपंगत्व आणि पुनर्वसनाचे संशोधन.

तिथे आकड्यांचे काय काम, असे कुणालाही वाटेल. आपल्या जनगणनेचीच गोष्ट पाहा. १९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष होते. त्या जनगणनेच्या वेळी पूर्ण अंध, पूर्ण पांगळे आणि पूर्ण मुके अशा तीनच प्रकारांची नोंद झाली. संख्या भरली सुमारे ११ लाख. १९९१ मध्ये हा प्रश्नच गाळला गेला. २००१ मध्येही तो नसणार असे दिसताच जावेद अबिदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आवाज उठवला. प्रश्न परत आला, प्रकार वाढले, आणि संख्या निघाली सुमारे २ कोटी १९ लाख! वीस वर्षांत देशातील अपंग माणसे जवळजवळ वीसपट झाली होती का? मुळीच नाही. माणसे होतीच, त्यांच्याबद्दल कुणी नीट विचारले नव्हते.

२०११ च्या जनगणनेत हा आकडा २ कोटी ६८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे मात्र जगात दर सहा माणसांमागे एकाला लक्षणीय अपंगत्व असते. एवढी तफावत पडण्याचे एक मोठे कारण विचारण्याच्या पद्धतीत आहे. ‘घरात कुणी अपंग आहे का?’ असे विचारले, की लग्नाच्या मुलीबद्दल कुणी बोलत नाही. आजोबांना ऐकू येत नसले तरी ‘वयोमानाने व्हायचेच’ म्हणून त्यांना मोजले जात नाही.

यावर उपाय म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने २००१ मध्ये ‘वॉशिंग्टन ग्रुप’ स्थापन झाला. त्याने सहा साधे प्रश्न तयार केले. पाहणे, ऐकणे, चालणे वा जिना चढणे, लक्षात ठेवणे, स्वतःचे आवरणे आणि दुसऱ्याशी संवाद साधणे, यांत अडचण येते का, एवढेच त्यांत विचारतात. ‘अपंग’ हा शब्दच नाही. उत्तरे चार : अडचण नाही, थोडी आहे, खूप आहे, अजिबात जमत नाही. एका जरी प्रश्नाला शेवटच्या दोनपैकी उत्तर आले, तरी ती व्यक्ती मोजली जाते.

रुग्णालयातही मोजमाप लागतेच. पक्षाघातानंतर रुग्ण किती सावरला, हे ठरवण्यासाठी १९६५ पासून ‘बार्थेल’ मापन वापरात आहे. जेवणे, कपडे घालणे, जिना चढणे अशा दहा कामांना मिळून ० ते १०० गुण दिले जातात. शेकडो रुग्णांचे असे गुण तपासून कोणता उपचार कुणाला उपयोगी पडतो, हे शोधणे डेटा सायंटिस्टचे काम.

खरी कसोटी लागते ती रिकाम्या चौकटीपाशी. तिसऱ्या महिन्यानंतर रुग्ण आलाच नाही. तो बरा झाला, की त्याला आणायला घरात कुणी नव्हते? संगणकाला दोन्ही सारखेच. अशा नोंदी गाळल्या, तर जे येऊ शकले तेवढेच उरतात आणि उपचार आहे त्याहून गुणकारी दिसू शकतो. म्हणून या कामात फिजिओथेरपिस्ट, समाजसेविका आणि मुख्य म्हणजे स्वतः अपंग व्यक्तींबरोबर बसावे लागते.

या वाटेने जाण्यासाठी गणित पक्के हवे. बारावीनंतर संख्याशास्त्र किंवा संगणकशास्त्राची पदवी घ्यावी. संख्याशास्त्रासाठी कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट, तर लोकसंख्येच्या अभ्यासासाठी मुंबईत देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था नावाजलेली आहे. पुनर्वसनाचे काम जवळून पाहायचे तर मुंबईतच हाजी अलीची अखिल भारतीय संस्था आहे आणि वाणी व श्रवणासाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्थाही आहे. पगार सॉफ्टवेअर कंपनीइतका मिळेलच असे नाही. नेमणुकाही पुष्कळदा प्रकल्पाच्या मुदतीपुरत्या असतात. हे आधीच जाणून घेतलेले बरे.

अपंग तरुणांनी तर या क्षेत्राचा जरूर विचार करावा. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे अंध व्यक्तीही हे काम करू शकते. शिवाय कोणता प्रश्न विचारायचा राहून गेला, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कुणाला चटकन कळणार?

१९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या कायद्याने ते २१ केले. थॅलेसेमिया, पार्किन्सन, ॲसिड हल्ल्याने आलेले अपंगत्व हे त्यांतलेच. यातील माणसे कुठे आहेत, किती आहेत, हे कळल्याखेरीज शाळा, दवाखाने आणि सवलती त्यांच्यापर्यंत कशा पोहोचणार? अर्थात सुरुवात घरातूनच व्हायला हवी. गणनेसाठी कुणी दारात आले, तर आतल्या खोलीतल्या माणसाचीही नोंद न संकोचता करून द्यावी.