घर बांधू पाहणाऱ्यांची परवड

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्या काळी रूढ झाली, त्या काळी घर बांधणे कठीण होते ते विटा, चुना, लाकूड आणि चांगला गवंडी यांची जुळवाजुळव करताना माणूस मेटाकुटीस येई म्हणून. आज विटा दारात येऊन पडतात, सिमेंटची पोती निरोप धाडताच हजर होतात, नदीची वाळू दुर्मिळ झाली तर खडीच्या चुऱ्याची वाळू तिची जागा घेते. तरीही म्हण खोटी ठरलेली नाही. अडचण बांधकामाच्या जागेवरून उठली आणि कचेऱ्यांच्या टेबलांवर जाऊन बसली, एवढाच काय तो फरक. कोल्हापुरात आयुष्याची पुंजी घालून स्वतःचे चार खोल्यांचे घर बांधू पाहणारा शिक्षक, बँकेतील कारकून किंवा निवृत्तीच्या उंबरठ्यावरचा सरकारी नोकर आज गवंड्याला भीत नाही. तो भितो आपल्याच जमिनीच्या कागदांना.

शासनाला या दुःखाची जाणीव नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने मुंबईसारखे मोजके अपवाद वगळून साऱ्या महाराष्ट्रासाठी एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू केली. त्यापूर्वी प्रत्येक शहराची नियमावली निराळी होती आणि तिचा अर्थ लावणारे तज्ज्ञही निराळे होते. नव्या नियमावलीने लहान माणसाची विशेष आठवण ठेवली. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर घर बांधावयाचे असेल, तर परवानाधारक वास्तुविशारदाच्या अगर अभियंत्याच्या प्रमाणपत्रासह नकाशा आणि शुल्क दाखल करावे. त्याची पोच हीच परवानगी. १५० ते ३०० चौरस मीटरच्या भूखंडास दहा दिवसांत परवानगी. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमात तर, साठ दिवसांत उत्तर न आल्यास परवानगी मिळाली असे समजावे, अशी तरतूद प्रथमपासूनच आहे. कायदा इतका उदार असताना तक्रारीला जागा कोठे उरते, असा प्रश्न कोणीही विचारील.

त्याचे उत्तर ‘भूखंड’ या एका शब्दात आहे. नियमावली असे गृहीत धरते, की अर्जदाराच्या हातातील भूखंड निर्वेध आहे, त्याच्या सीमा ठरलेल्या आहेत, त्याचे रेखांकन मंजूर आहे आणि त्यावर कोणतेही आरक्षण वा पूररेषा नाही. सवलत या साऱ्या गोष्टींच्या नंतर सुरू होते. सामान्य माणसाची दमछाक मात्र त्याच्या आधीच झालेली असते. मिळकतपत्रिका नगर भूमापन कार्यालयात, सातबारा महसूल खात्यात, हद्दीच्या मोजणीची ‘क’ प्रत भूमी अभिलेख कार्यालयात, झोन दाखला आणि भाग नकाशा नगररचना विभागात, पूररेषा जलसंपदा विभागाकडे आणि थकबाकी नसल्याचा दाखला महापालिकेच्या घरफाळा विभागात. भूखंड एकच, पण त्याची जन्मपत्रिका पाच-सहा ठिकाणी विखुरलेली. यांतील दोन कागदांवरील क्षेत्रफळ एकमेकांशी जुळले नाही, किंवा पत्रिकेवर आजोबांचे नाव राहून वारसांची नोंद व्हावयाची राहिली असली, की दहा दिवसांची परवानगी दृष्टिआड होते. ‘ब’ सत्ताप्रकाराची नोंद असलेली मिळकत किंवा देवस्थान इनामाची जमीन असेल, तर प्रकरण आणखी वरच्या कचेरीची पायरी चढते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत मुद्रांक शुल्क भरून खरेदीपत्र नोंदले, म्हणजे सरकारने आपल्या मालकीवर शिक्कामोर्तब केले, असे शिकलेल्या माणसांनाही वाटते. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे सरकार नोंदते तो दस्त. विकणाऱ्याला विकण्याचा अधिकार होता की नाही, आणि त्या जमिनीवर घर बांधता येईल की नाही, याची हमी ते घेत नाही. मुद्रांकाचे पैसे घेणारे सरकार आणि पुढे नकाशा अडविणारे सरकार एकच असले, तरी ग्राहकाच्या दृष्टीने पहिल्याच्या उजव्या हाताला दुसऱ्याच्या डाव्या हाताची ओळख नसते.

कोल्हापूरच्या वाट्याला या सार्वत्रिक दुखण्याखेरीज एक खास दुखणे आले आहे. १८५४ साली स्थापन झालेल्या येथील नगरपालिकेची १९७२ च्या डिसेंबरात महापालिका झाली. पाटी बदलली, हद्द मात्र तीच राहिली. ६६.८२ चौरस किलोमीटरच्या या हद्दीत २०११ च्या जनगणनेत ५,४९,२३६ माणसे मोजली गेली. शहर कागदावर थांबले, प्रत्यक्षात ते पाचगाव, कळंबा, मोरेवाडी, उचगाव या दिशांनी वाढतच गेले. हद्दवाढीच्या बाजूने आणि विरोधात आंदोलने झाली, आणि अखेर २०१७ साली ४२ गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण नेमून तडजोड करण्यात आली. या तडजोडीचे राजकीय गुणदोष काहीही असोत, घर बांधणाऱ्याला तिचा अर्थ असा झाला, की ज्याने जमीन घेतली तेव्हा ग्रामपंचायत आणि महसूल खाते हेच मायबाप होते, त्याने बांधावयास काढले तेव्हा मायबाप बदलले होते. जुन्या परवानग्यांची किंमत नव्या कचेरीत किती, हे त्याला कोणी आधी सांगितले नाही.

या उपनगरांतील जमिनीचा व्यवहार कसा चालत आला आहे, हे कोल्हापूरकरांस सांगावयास नको. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने शेतजमिनीचे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडे पाडण्यास मनाई केली. शेती किफायतशीर राहावी, हा तिचा स्तुत्य हेतू. परंतु शहरालगतच्या शेतात ऊस पिकविण्यापेक्षा गुंठे पिकविणे अधिक किफायतशीर ठरले. मंजूर रेखांकनातील भूखंड महाग आणि गुंठ्याचा तुकडा स्वस्त. तेव्हा पगारदार माणूस दुसऱ्या मार्गाने गेला. सरकारने २००१ साली गुंठेवारीचा कायदा करून १ जानेवारी २००१ पूर्वीची अशी बांधकामे व भूखंड नियमित करण्याची सोय केली. २०२१ साली ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आणली. आणि २०२५ मध्ये निवासी क्षेत्रातील तुकड्यांपुरते तुकडेबंदीचे बंधनही सैल केले. लाखो संसार उघड्यावर टाकता येत नाहीत, म्हणून असे नियमितीकरण अटळ असते, हे आम्हांस मान्य आहे. पण त्यातून समाजाला कोणता धडा मिळतो? मंजूर रेखांकनातील भूखंडासाठी ज्याने कर्ज काढले, रस्त्यासाठी व मोकळ्या जागेसाठी सोडलेल्या जमिनीची किंमतही आपल्या भूखंडाच्या दरात भरली, तो वेडा. आणि ज्याने आज बेकायदा बांधून उद्याच्या माफीची वाट पाहिली, तो व्यवहारी! कायद्याची जरब शिक्षेने जितकी राहते, त्याहून अधिक ती कायदा पाळणाऱ्याच्या सोयीने राहते. सरळ मार्ग वाकड्या मार्गापेक्षा लांब आणि खर्चिक असेल, तर वाहतूक कोठून होणार, हे सांगावयास ज्योतिषी नको.

ही केवळ कागदांची गैरसोय असती, तर तिच्यासाठी आम्ही एवढी शाई खर्च केली नसती. परंतु या गावाच्या उशाला पंचगंगा आहे. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि जुलै २०२१ मध्ये ५६ फुटांच्या घरात. सुतारवाडा, दुधाळी, व्हीनस कॉर्नर, रमणमळा, बापट कॅम्प या भागांनी जे भोगले, ते अजून कोणी विसरलेले नाही. नियमाप्रमाणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. नदी आणि निळी रेषा यांच्यामधील मोकळ्या जमिनीवर नवे घर बांधता येत नाही. निळ्या आणि लाल रेषांच्या मधल्या पट्ट्यात बांधावयाचे तर जोते लाल रेषेच्या पातळीहून ०.४५ मीटर उंच घ्यावे लागते. नियम शहाणपणाचा आहे. पण तो ग्राहकाला कळतो केव्हा? भूखंड विकत घेताना नव्हे, तर पैसे देऊन, दस्त नोंदवून, कर्जाचा पहिला हप्ता सुरू झाल्यावर! भूखंड विकणाऱ्याच्या रंगीत नकाशात बाग असते, देऊळ असते; निळी रेषा नसते.

स्वयंप्रमाणनाच्या सवलतीची दुसरी बाजू येथेच दिसते. कचेरीने तपासणीचा भार उतरवला, तो वास्तुविशारदाच्या स्वाक्षरीवर आणि मालकाच्या माथ्यावर आला. चूक पुढे उघडकीस आली तर परवानगी रद्द होऊ शकते, भोगवटा प्रमाणपत्र अडू शकते, आणि तोपर्यंत स्लॅब पडून चुकलेला असतो. ज्या सरकारजवळ सारे नकाशे आहेत त्याने चूक न शोधता पोच द्यावी, आणि ज्याच्याजवळ एकही नकाशा नाही त्याने चुकीची फळे भोगावी, हा न्याय उफराटा आहे.

संरक्षणाच्या बाबतीतही हाच पंक्तिप्रपंच दिसतो. सदनिका घेणाऱ्यासाठी २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने महारेराचे दार उघडले; प्रकल्पाची नोंदणी, ताबा देण्याची तारीख आणि विलंबाचे व्याज यांची तेथे दाद लागते. स्वतःच्या जमिनीवर ठेकेदार लावून घर बांधणाऱ्याला ते दार नाही. ठेकेदार जोत्यापर्यंत काम आणून दुसऱ्या कामावर निघून गेला, तर मालकाने ग्राहक आयोगाकडे जावे किंवा दिवाणी कोर्टात. बहुतेकांजवळ तर धड करारपत्रही नसते. वहीतील हिशेब आणि तोंडी दर एवढाच पुरावा. घरभाडे एका बाजूला, कर्जाचे व्याज दुसऱ्या बाजूला आणि मधोमध गंजत चाललेल्या सळ्या, असे दृश्य उपनगरांत फिरणाऱ्याला अनोळखी नाही.

नगर वसविण्याची दुसरी रीत या शहराला परकी आहे काय? शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची व्यापारपेठ वसविली. पुढे राजाराम महाराजांच्या नावाने राजारामपुरी उभी राहिली, आणि तिच्या सरळ गल्ल्या आजही पत्त्यात क्रमांकाने सांगितल्या जातात. आधी गल्ली आखली गेली, मग घर आले. आज आधी घर येते, मग त्या घराला जोडणारा रस्ता कोणाच्या जमिनीतून जातो यावरून भांडण होते. संस्थानी काळ परत आणावा, असे आमचे म्हणणे नाही. लोकशाहीत राजाज्ञेने आखणी होत नाही आणि होऊही नये. पण आखणीचा क्रम राजवट बदलल्याने उलटा व्हावा, असेही काही कारण नाही.

आमच्या मते उपाय परवानगी आणखी सोपी करण्यात नाही. परवानगी जेवढी सोपी व्हावयाची तेवढी झाली. आता हवी आहे ती परवानगीच्या आधीची माहिती. फ्रान्समध्ये जमीन घेऊ इच्छिणाऱ्याला नगरपालिकेकडून जमिनीवर लागू असलेल्या नियमांचा दाखला मागता येतो. साधा दाखला एका महिन्यात मिळतो आणि पुढील अठरा महिने, मधल्या काळात नगररचनेचे नियम बदलले तरी, साधारणपणे दाखल्यातील नियमच त्याला लागू राहतात. महापालिकेने आणि प्राधिकरणाने असाच एक भूखंड दाखला सुरू करावा. कोणाही नागरिकाने गट क्रमांक अथवा नगर भूमापन क्रमांक द्यावा, ठरावीक शुल्क भरावे. आणि सत्ताप्रकार, मंजूर रेखांकन, आरक्षण, नियोजित रस्ता, निळी व लाल पूररेषा, जोत्याची आवश्यक उंची, या गोष्टी एका कागदावर, जबाबदार अधिकाऱ्याच्या स्वाक्षरीने, त्याला मिळाव्यात. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली हा दाखला मुदतबंद सेवा म्हणून अधिसूचित करावा. त्या कायद्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. आणि निवासी भूखंडाचा खरेदीदस्त नोंदविताना हा दाखला जोडणे सक्तीचे करण्यासाठी राज्य सरकारने कायद्यात आवश्यक तो बदल करावा.

मनुष्यबळ नाही, हे उत्तर आम्हांस अपेक्षित आहे. ते सर्वस्वी खोटेही नाही. पण ही माहिती नव्याने गोळा करावयाची नाही. ती कचेऱ्यांच्या कपाटांत आणि आता संगणकांतही आहे. एका कचेरीतून दुसरीकडे ती वाहून नेण्याचे काम आजवर नागरिक आपल्या रजा खर्च करून विनावेतन शिपाई म्हणून करीत आला आहे. ते काम कचेऱ्यांनी आपसांत करावे, एवढीच मागणी आहे. ज्यांना हे काम अवघड वाटते त्यांनी पुराच्या पाण्यातून माणसे बाहेर काढण्याच्या खर्चाशी त्याची तुलना करून पाहावी.

नागरिकांनाही आमचे एक सांगणे आहे. स्वस्त गुंठा दिसताच ‘सगळे होईल नियमित’ या भरवशावर इसार देणारे हातही या गोंधळास तितकेच जबाबदार आहेत. साडी घेताना पदर उलटून पाहणारे आपण, जन्माची कमाई घालताना मात्र विक्रेत्याच्या शब्दावर विसंबतो. दाखला मिळू लागेपर्यंत तरी झोन दाखला, मोजणी आणि पूररेषा स्वतः पाहिल्याखेरीज एक रुपयाही हातातून सोडू नये.

घराचा पाया जमिनीत घातला जातो, तसाच तो विश्वासातही घातलेला असतो. आपल्या जमिनीविषयी सरकारला जे ठाऊक आहे ते आपल्यालाही वेळेवर कळेल, हा तो विश्वास. तो देण्यास मोठा निधी लागत नाही आणि कोणा मंत्र्याच्या हस्ते कोनशिलाही बसवावी लागत नाही. महापालिकेने आणि प्राधिकरणाने येत्या पावसाळ्यापूर्वी एवढे केले, तरी पुष्कळ कोल्हापूरकर त्यांना दुवा देतील.