टुणटुण

“इत्ता पढ के ये टुणटुण?” मी बाविसाव्या वर्षी पहिली गिटार घरी आणली तेव्हा अब्बांनी विचारलेला हा प्रश्न. जुन्या नाशकातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात ती ठेवायला जागा नव्हती, म्हणून कपाटामागे राहायची. त्याच सुमारास मी हप्त्यावर कॉम्प्युटर घेतला. त्याला मात्र खिडकीजवळची जागा मिळाली, वर अम्मीने विणलेलं झाकणही!

हे आठवायचं कारण माझा भाचा. तो अकरावीला आहे. गेल्या महिन्यात आपाने त्याला कोडिंगच्या क्लासला घातलं आणि त्याची गिटार माळ्यावर टाकली. मग मला फोन, “तू कॉम्प्युटरवाला मामू आहेस, तूच समजाव त्याला.” आपाला वाटलं मी तिची बाजू घेईन.

वाद्याला दिनी कारणाने मनाई मानणारी माणसं आमच्याही घरात आहेत. ती मनापासून तसं मानतात, त्यांच्याशी माझा वाद नाही. माझा वाद आहे तो ‘कॉम्प्युटर म्हणजे नोकरी आणि गिटार म्हणजे वाया गेलेलं पोरगं’ या हिशेबाशी. हा हिशेब धर्माचा नाही, धास्तीचा आहे. घरात एकच कमावता असला की अशी धास्ती असते, हेही मला मान्य. पण हिशेब चुकीचा आहे.

माझंच सांगतो. मी वेबसाइट बनवतो. ग्राहकाच्या मागण्या, फॉर्म, पेमेंटची पानं, हे पोटाचं काम. काही वर्षांपूर्वी हौसेपोटी मी ब्राउझरमध्ये चालणारा ट्यूनर लिहायला घेतला. मायक्रोफोनमधून आवाज घ्यायचा आणि तार कुठल्या स्वरात आहे ते पडद्यावर दाखवायचं. पातळ तारांना ठीक चाललं. सर्वांत जाड तारेला मात्र पान धडधडीत खोटं बोलायला लागलं. ती तार 82.4 हर्ट्झची, तिच्या पुढचा स्वर 87.3 चा. फरक पाच हर्ट्झचासुद्धा नाही. मी सेकंदाला 44,100 नमुने घेत होतो आणि त्यातले 2,048 एका वेळी तपासत होतो. भागाकार केला तर साडेएकवीस! म्हणजे माझी मोजपट्टीच साडेएकवीस हर्ट्झच्या खुणांची होती, तिला पाचचा फरक दिसणार कसा? मग पद्धतच बदलली. लाट स्वतःवरच थोडी थोडी सरकवून पाहायची आणि ती पुन्हा कधी जुळते ते शोधायचं. त्या आठवड्यात जे गणित डोक्यात बसलं, ते कॉलेजच्या चार वर्षांत बसलं नव्हतं.

पान चुकतंय हे मला कोणी सांगितलं? कानाने. कोड आता मशीनही लिहून देतं, भराभर आणि मोठ्या आत्मविश्वासाने. भाच्याच्या क्लासमध्येही हेच चालतं म्हणे. पण ते चुकतंय हे ओळखायला आधी बरोबर काय ते माहीत असावं लागतं. ते पोराला कुठल्या तरी आवडीच्या कामातच सापडतं.

हाच ट्यूनर फोनवर घेऊन आम्ही मिरजेला गेलो होतो. कोल्हापूरला सासरकडचं लग्न होतं. नाशिकहून गाडीने चारशेच्या वर किलोमीटर, मागे दोन मुलं आणि अम्मीचे बिर्याणीचे डबे. परतताना वाट वाकडी केली. मिरजेतले सतारी-तंबोरे बनवणारे शिकलगार म्हणजे मूळचे हत्यारांना धार लावणारे कारागीर. तलवारींना गिऱ्हाईक उरलं नाही तेव्हा एकोणिसाव्या शतकात त्यांच्यातले फरीदसाहेब वाद्यांकडे वळले, आणि पुढे घरंच्या घरं त्यात आली. भोपळा मंगळवेढ्याकडचा. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. गावातच ख्वाजा मीरासाहेबांचा दर्गा आहे. त्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे आणि उरुसात तिथे गाण्याची मैफल होते. हे सगळं मी आपाला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “ते कारागीर आहेत, याचं काय?”

दुकानातले चाचा तंबोऱ्याची जवारी लावत होते. घोडी किंचित घासायची, तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा, ऐकायचं, पुन्हा घासायचं. मी हळूच फोन पुढे केला. आकडा एका जागी ठरेना. उतरत्या घोडीला तार चाटत राहते आणि वरचे स्वर उमलत जातात, त्यात माझा ट्यूनर पार गोंधळला. (सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये याच घोडीवर निबंध लिहिला होता, हे मला नंतर कळलं.) चाचांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, “क्या बोलता तुम्हारा फोन?” मी म्हटलं, “कुछ समझ नहीं रहा उसको.” ते हसले आणि पुन्हा घासू लागले. माझी मुलगी तासभर तिथून हलली नाही. एरवी गाडीत दर दहा मिनिटांनी ‘कधी पोहोचणार’ विचारणारी ती.

भाच्याला मी समजावलंच. क्लास सोडू नकोस म्हटलं, फी भरलेली आहे आणि क्लास वाईट नाही. आपाला सांगितलं, गिटार तुला घरात नको असेल तर माझ्याकडे ठेव. तिने दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी जिजाजी स्कूटरवर घेऊन आले, दारातच देऊन गेले, चहालाही थांबले नाहीत. दोन तारा गंजल्या होत्या, त्या बदलल्या. भाचा रविवारी असरनंतर येतो. अब्बा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत असतात. परवा आतून चुकीचा स्वर वाजला तर म्हणाले, “ये पहले जैसा नहीं बजा.”