बिल्ल्यामागचा माणूस

दुसऱ्या महायुद्धात जर्मन भूदलातील सैनिकाच्या गळ्यात जस्ताचा किंवा अॅल्युमिनियमचा लंबगोल बिल्ला असे. त्यावर नाव नसे. पलटण, क्रमांक आणि बहुधा रक्तगट, एवढेच दोन्ही अर्ध्या भागांवर सारखे उमटवलेले असे. सैनिक पडला की बिल्ला मधोमध मोडीत. वरचा भाग प्रेताबरोबर राही, खालचा नोंदीसाठी जाई. क्रमांकावरून नाव सांगणाऱ्या याद्या १९३९ साली बर्लिनमध्ये स्थापन झालेल्या माहिती कार्यालयात जमत. २०१९ पासून त्या जर्मनीच्या संघीय अभिलेखागाराकडे आहेत.

आज हे बिल्ले संग्राहकांच्या बाजारात विकले जातात. छंद निषिद्ध नव्हे. क्रमांकाचा माग काढून पलटणीचा इतिहास उलगडणारा अभ्यासक आदरासच पात्र आहे. परंतु जुन्या रणभूमीत सांगाड्याशेजारी अखंड बिल्ला सापडतो, तेव्हा त्या मृत्यूची नोंद बहुधा कोणी केलेलीच नसते. तो बिल्ला उचलून विकणारा त्या हाडांची अखेरची ओळखही विकतो.

तो सैनिक आक्रमकांच्या फौजेतला होता, हे खरे. पण त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या मुलांचा अपराध कोणता? संग्रह खुशाल करावा; मात्र जमिनीतल्या बिल्ल्याला हात लावण्यापूर्वी युद्धसमाधींची देखभाल करणाऱ्या संस्थेस कळवावे. बिल्ला संग्राहकाचा होऊ शकेल. नाव मात्र वारसांचेच आहे.